मेंढपाळाच्या दारी वजनकाटा : घरच्या घरी बनविता येणारी फिरती साधने

महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या पट्ट्यात मेंढीपालन हा हजारो कुटुंबांचा पिढीजात आधार आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यातील मेंढ्यांची संख्या सुमारे २७ लाख होती. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील धनगर मेंढपाळ पावसाळा ओसरला की कळप घेऊन बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी काळ्या रानांच्या दिशेने वळतो. शेतकऱ्यांच्या शेतांत मेंढरे बसवावयाची, त्या खताच्या मोबदल्यात धान्य वा रोख रक्कम घ्यावयाची आणि मृगाच्या सुमारास गावी परतावयाचे, असा हा वर्षाचा क्रम आहे. या जीवनक्रमात लोकरीचे उत्पन्न आता नाममात्र राहिले असून कुटुंबाची खरी मिळकत कोकरांच्या विक्रीतून होते. कोकराची किंमत त्याच्या मांसावर, म्हणजेच वजनावर ठरते. असे असताना आपल्या कोकराचे वजन किती, हे मात्र बहुतेक मेंढपाळांस निश्चितपणे सांगता येत नाही.

कळप नेहमी फिरता असतो, वजनकाटा जवळ नसतो आणि असला तरी शंभर-सव्वाशे मेंढ्या एकेक धरून, उचलून तोलावयाच्या म्हणजे घरातील सर्व माणसांचा दिवस खर्ची पडतो. या अडचणीवर मोठा खर्च न करता मात करता येते. गावातील वेल्डर व सुतार यांच्या मदतीने बनविता येतील, घडी करून घोड्यावर वा टेम्पोत नेता येतील आणि अर्ध्या तासात रानात उभारता येतील, अशा साधनांचा परिचय येथे करून दिला आहे.

अंदाजाचा व्यवहार आणि त्याची किंमत

लोणंदसारख्या बाजारात किंवा प्रत्यक्ष वाड्यावर येणारा व्यापारी कोकराच्या पाठीवर, कमरेवर हात फिरवितो आणि नगाचा भाव सांगतो. काही जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविण्याची रीतही चालत आली आहे. व्यापाऱ्याचा हात सरावलेला असतो, कारण विकत घेतलेल्या प्रत्येक जनावराचे मांस नंतर काट्यावर तोलले जाते आणि त्याचा अंदाज रोज तपासला जातो. मेंढपाळाच्या अंदाजास अशी कसोटी कधी लागत नाही. त्यातून स्थलांतरात असताना औषधपाणी, धान्य वा वाहनभाडे यांसाठी तातडीने पैसा लागतो आणि सांगितलेला भाव स्वीकारावा लागतो.

समजा, १८ किलोचे कोकरू १५ किलोचे समजून विकले गेले आणि जिवंत वजनाचा दर किलोस ३०० रुपये धरला, तर एका नगामागे ९०० रुपयांचे नुकसान होते. वर्षास वीस कोकरे विकणाऱ्या कुटुंबाच्या हिशेबात ही रक्कम १८,००० रुपये होते. दर कमी-अधिक होईल. परंतु तीन किलोंचा फरक नुसत्या नजरेस सहज निसटतो. विशेषतः लोकर वाढलेली असताना कृश जनावरही भरलेले दिसते.

वजनाचा दुसरा संबंध औषधाशी आहे. जंतनाशकाची मात्रा शरीराच्या वजनावर ठरते. उदाहरणार्थ, फेनबेंडॅझोल हे औषध मेंढीस दर किलो वजनास ५ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. २५ किलोच्या मेंढीस १२५ मिलिग्रॅम मात्रा हवी. ती १८ किलोची समजली गेली तर तिला ९० मिलिग्रॅमच मिळतात. अपुऱ्या मात्रेने दुबळे जंत मरतात, चिवट जंत उरतात आणि पुढील पिढ्यांमध्ये त्याच औषधास न जुमानणारे जंत वाढतात. म्हणूनच गटातील सर्वांत जड मेंढीच्या वजनावरून त्या गटाची मात्रा ठरविण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात. त्यासाठी निदान काही मेंढ्यांचे वजन ठाऊक असावे लागते.

तिसरा संबंध पैदाशीशी आहे. वेगाने वाढणारा नर कळपात राखावा, हे प्रत्येक मेंढपाळ जाणतो. परंतु चणचणीच्या वेळी जे कोकरू आधी भरते, तेच आधी विकले जाते. नोंद नसल्यामुळे कळपातील उत्तम नर बाजारात आणि मध्यम नर पैदाशीस, असे उलटे घडते.

मेंढीचा स्वभाव हाच साधनांचा आराखडा

मेंढीच्या डोळ्यांची ठेवण अशी असते, की मान न वळविता तिला दोन्ही बाजूंचे व बरेचसे मागचेही दिसते. ती कळपावाचून घाबरते, पुढे गेलेल्या मेंढीच्या मागे जाते, अंधारातून उजेडाकडे आणि उतारापेक्षा चढाकडे अधिक सुखाने चालते. जमिनीवरील सावली, फडफडणारे फडके, पायांखालची बदललेली जमीन किंवा समोर उभा असलेला मनुष्य दिसताच ती थबकते. या गोष्टी ध्यानात घेऊन मांडणी केली, तर मेंढ्या ओढाव्या लागत नाहीत. त्या आपोआप चालू लागतात.

लोकर धरून मेंढी ओढण्याची सवय मात्र सोडावयास हवी. त्यामुळे जनावरास वेदना होतात आणि कातडीखाली रक्त साकळून मांसाची प्रतही उतरते. मेंढी धरावयाची झाल्यास एक हात हनुवटीखाली व दुसरा मागील बाजूस ठेवावा.

जाळीची वाघर मेंढपाळाजवळ असतेच. रात्री मेंढरे कोंडण्याचे हे साधन पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडले असून ते हलके व स्वस्त आहे. मेंढ्या जेथे सैलसर उभ्या राहतात, तेथे जाळी पुरते. जेथे त्यांची दाटी होते व जोर बसतो, तेवढ्या भागापुरत्याच भक्कम चौकटी लागतात. म्हणून गोळा करण्याचा आणि तोलून झालेल्या मेंढ्यांचा वाडा वाघरीचा ठेवावा आणि मधला भाग फक्त नव्याने बनवावा. खर्च व वजन दोन्ही कमी राखण्याचा हाच मार्ग होय.

दहा चौकटी

प्रत्येक चौकट ६ फूट लांब व ३ फूट उंच असावी. त्यासाठी पाऊण इंची, १८ गेज जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप योग्य ठरतो. बाहेरील चौकटीस १८ फूट आणि मधल्या तीन आडव्या पट्ट्यांस १८ फूट, असा एका चौकटीस ३६ फूट पाइप लागतो. दहा चौकटींचे ३६० फूट होतात, म्हणजेच २० फुटी लांबीचे १८ नग. अशा एका चौकटीचे वजन पावणेआठ किलोंच्या आसपास भरते आणि ती एका हाताने उचलता येते.

आडव्या पट्ट्या सारख्या अंतरावर न ठेवता खालून ५, १२ व २२ इंचांवर जोडाव्यात. खालच्या फटी अरुंद असल्या म्हणजे कोकरांचे डोके वा पाय अडकत नाहीत. वेल्डिंगची टोके कानशीने घासून गुळगुळीत करावीत. राहिलेला एक काटाही डोळा फोडावयास पुरेसा असतो. जेथे बांबू सहज मिळतो तेथे चौकटी बांबूच्या केल्या तरी चालतात. मात्र त्यांच्या पेरांवरील कंगोरे तासून घ्यावेत आणि बांधणी दरवर्षी तपासावी.

चौकटी परस्परांस जोडण्यासाठी उभ्या पाइपास वर-खाली लोखंडी कड्या जोडाव्यात. दोन चौकटींच्या कड्या एकावर एक आणून त्यांतून अर्ध्या इंचाची, चार फूट लांबीची सळई खाली सोडावयाची व ती सात-आठ इंच जमिनीत ठोकावयाची. हीच सळई जोड होते, हीच खुंटी होते आणि दार करावयाचे असल्यास हीच बिजागरी होते. नट-बोल्ट रानात हरवतात, सळई हरवत नाही.

नरसाळे आणि बोळ

दहापैकी चार चौकटींचा बोळ करावा. दोन्ही बाजूंस दोन-दोन चौकटी समांतर उभ्या केल्या म्हणजे १२ फूट लांबीचा बोळ होतो व त्यात चार मेंढ्या एकामागे एक उभ्या राहतात. बोळाची आतील रुंदी ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. दख्खनी मेंढीसाठी ती दीड फूट ठेवावी. रुंदी अधिक झाली की मेंढी मागे वळते आणि सारी रांग उलटते. कमी झाली तर गाभण मेंढी अडकते. फक्त कोकरे तोलावयाची असल्यास आतून फळी उभी करून ही रुंदी एक फुटावर आणावी. माडग्याळसारख्या थोराड जातीच्या नरांसाठी ती दोन-तीन इंचांनी वाढवावी.

बोळाच्या दोन्ही भिंती आतून गोणपाटाने घट्ट झाकाव्यात. बाजूचे दिसेनासे झाले की मेंढीची नजर समोरच्या मेंढीवर व पलीकडच्या उजेडावर राहते. समोरचे तोंड मात्र कधीही झाकू नये. गोणपाट सैल राहून वाऱ्याने हलणार नाही, याची काळजी घ्यावी.

उरलेल्या सहा चौकटींचे नरसाळे करावयाचे. त्याची एक बाजू बोळाच्या भिंतीच्या सरळ रेषेत दोन चौकटींनी वाढवावी. दुसरी बाजू दोन चौकटींनीच, परंतु सुमारे ३० अंशांच्या कोनात बाहेर न्यावी. दोन्ही बाजू तिरक्या केल्यास मेंढ्या मध्येच एकमेकींस अडवून तोंडाशी कोंडी करतात. एक बाजू सरळ असली की त्या त्या बाजूने सरकत राहतात. या मांडणीत नरसाळ्याचे तोंड सुमारे साडेसात फूट रुंद होते. शेवटच्या दोन चौकटींची दोन पाने एकमेकांवर सरकवून ते बंद करावे. आत बारा ते पंधरा मेंढ्या मावतात. एका वेळी यापेक्षा अधिक घेऊ नयेत, कारण दाटीमध्ये खालची मेंढी गुदमरू शकते.

वजनाचा पिंजरा

बोळाच्या पुढच्या तोंडाशी पिंजरा येतो. त्याची लांबी साडेतीन फूट, रुंदी दीड फूट आणि उंची पावणेतीन फूट असावी. तळाशी जाड प्लायवूड बसवून त्यावर गोणपाट खिळावे, म्हणजे खूर घसरत नाहीत आणि पावलांचा आवाज होत नाही. पुढचे व मागचे अशी दोन्ही दारे वर उचलून उघडणारी असावीत. ती खाचेत सरकतात, त्यामुळे अरुंद जागेत जनावरास धक्का न लावता बंद करता येतात. पाइपाचा असा पिंजरा १८ किलोंच्या आसपास भरतो.

पिंजरा टांगण्यासाठी नऊ फुटी तीन वाशांचे किंवा पाइपांचे तिकाटणे करावे. तिन्ही पाय साखळीने परस्परांस बांधणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास भाराने पाय फाकतात आणि सर्व डोलारा जनावरावर कोसळतो. तिकाटण्याच्या शेंड्यास १०० किलो क्षमतेचा टांगता काटा अडकवावा. पिंजरा व मोठा नर यांचा एकत्रित भार त्यात सहज सामावतो. काट्याच्या आकड्यास बंद होणारी जिभळी असावी. पिंजरा जमिनीपासून फक्त दोन इंच उंच राहावा. त्याच्या चारही कोपऱ्यांबाहेर एकेक खुंटी ठोकावी, म्हणजे मेंढी शिरताना तो झुलत नाही; मात्र वजन वाचतेवेळी पिंजरा खुंटीस टेकलेला नसावा.

नवजात कोकरांसाठी पिंजऱ्याची गरज नाही. जाड कापडाची झोळी शिवून तीस पायांसाठी चार भोके ठेवावीत आणि २५ किलो क्षमतेच्या, १०० ग्रॅमपर्यंत वजन दाखविणाऱ्या काट्यास ती अडकवावी. सरासरी तीन किलोंच्या कोकराचे वजन मोठ्या काट्यावर विश्वसनीय येत नाही.

पिंजऱ्यापुढे अडीच फूट रुंदीचे एक दुफाटी दार बसवावे. ते डावीकडे वळविले तर उजवी वाट मोकळी होते, उजवीकडे वळविले तर डावी. विक्रीयोग्य कोकरे एका वाघरीत आणि राखावयाची दुसऱ्या वाघरीत, अशी निवड तोलतानाच होऊन जाते. गाभण, आजारी वा कृश मेंढ्या वेगळ्या काढण्यासही हेच दार उपयोगी पडते.

काट्याची परीक्षा

घरचा काटा बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत पाण्याची होय. रिकाम्या डब्याचे वजन घ्यावे, त्यात मापाने मोजून २० लिटर पाणी ओतावे आणि पुन्हा तोलावे. फरक २० किलोंचा आला पाहिजे. ही परीक्षा तोलणीच्या दर दिवशी, आरंभी करावी. त्यानंतर रिकामा पिंजरा टांगून काटा शून्यावर आणावा. तशी सोय नसल्यास पिंजऱ्याचे वजन वहीत लिहून प्रत्येक नोंदीतून वजा करावे. पिंजऱ्यात लेंड्या व माती साचते, म्हणून दर पंचवीस मेंढ्यांनंतर रिकाम्या पिंजऱ्याचे वजन पुन्हा पाहावे.

स्वतःच्या माहितीसाठी वजन करणे वेगळे आणि वजनावर विक्री करणे वेगळे. ज्या काट्यावर प्रत्यक्ष खरेदी-विक्री होते, तो वैधमापन यंत्रणेकडून पडताळणी व मुद्रांकन केलेला असणे २००९ च्या वैधमापन कायद्यान्वये आवश्यक आहे. वाड्यातील मेंढपाळांनी मिळून असा एक मुद्रांकित काटा ठेवल्यास व्यापाऱ्यास शंका घेण्यास जागा राहत नाही.

प्रत्यक्ष तोलणी

तोलणी सकाळी, मेंढरे चरावयास सुटण्यापूर्वी करावी. भरल्या पोटी मेंढीचे वजन दोन-तीन किलोंनी सहज वाढते. म्हणून एका महिन्यात सकाळी व दुसऱ्या महिन्यात सायंकाळी घेतलेल्या वजनांची तुलना निरर्थक होय. भिजलेली लोकरही वजन वाढविते. लोकर कातरणीच्या आधीचे की नंतरचे वजन, हेही वहीत लिहावे.

मांडणीसाठी किंचित चढाची, कोरडी जागा निवडावी. बोळाचे तोंड उगवत्या सूर्यासमोर येऊ देऊ नये. डोळ्यांवर किरीप आली की मेंढ्या अडतात. कुत्री दूर बांधावीत. आरडाओरडा करू नये. पहिल्या खेपेस माणसाळलेली एक मेंढी बोळातून पलीकडे न्यावी आणि समोर दिसेल अशी उभी ठेवावी. बाकीच्या तिच्यामागे येतात. हाकणाऱ्याने मेंढीच्या खांद्यापुढून मागे जावे, म्हणजे ती पुढे सरकते. एक जण हाकण्यास, एक दारांवर आणि एक वहीवर, अशी तीन माणसे पुरतात. एका मेंढीस एक मिनिट धरले तरी शंभर मेंढ्यांचे काम पावणेदोन तासांत आटोपते. व्यावयास महिनाभराच्या आत आलेल्या गाभण मेंढ्यांना मात्र या दाटीत घालू नये.

हाच बोळ इतर कामांसही उपयोगी आहे. पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची लस, देवी, पीपीआर व लाळ्या-खुरकुताचे लसीकरण, तोंडावाटे जंतनाशक पाजणे आणि कानातील बिल्ल्यांची तपासणी ही कामे रांगेत उभ्या मेंढ्यांवर झटपट होतात. एकही मेंढी दोनदा औषध घेत नाही वा सुटत नाही. खुरसड्याचा उपद्रव असल्यास बोळाच्या तळाशी उथळ तबक ठेवून १० लिटर पाण्यास १ किलो या प्रमाणात झिंक सल्फेटचे द्रावण भरता येते. द्रावण मेंढ्या पिणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. औषधे व लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्याव्यात.

वाहतूक

चौकटी ८० किलोंच्या आसपास, पिंजरा १८ किलो आणि त्यात तिकाटणे, दार व सळया मिळून सर्व साहित्य सुमारे सव्वाशे किलो होते. बिऱ्हाड घोड्यांवर असल्यास हा भार दोन-तीन घोड्यांवर विभागावा व चौकटींच्या कडांना गोणपाट गुंडाळावे. सडकेने जाणाऱ्यांना जुन्या मोटारसायकलीच्या दोन चाकांवर हातगाडी करता येते. पिंजऱ्याच्या तळाशीच आस बसविला आणि चौकटी दोन्ही अंगांस उभ्या बांधल्या, तर पिंजरा हीच गाडी होते. मुक्कामावर चाके काढून तो टांगावयाचा. मात्र आस पिंजऱ्यासच राहिल्यास त्याचे वजन वाढते, ते शून्य करताना धरले पाहिजे.

स्थलांतराच्या मार्गावर सर्व साहित्य वागविणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान झोळी, दोन्ही काटे व तिकाटणे बरोबर ठेवावे आणि मोठी तोलणी गावी परतल्यावर, पावसाळ्याच्या आरंभी करावी. पाच-सहा कुटुंबांचा वाडा एकत्र फिरत असतो. लोकर कातरणीसाठी एकमेकांच्या मदतीस जाण्याची कातरभुंडीची प्रथा धनगर समाजात रूढ आहे. त्याच रीतीने ही साधने सामाईक ठेवून तोलणीही आळीपाळीने करता येईल. खर्च वाटला जातो आणि माणसांचीही वाण पडत नाही.

वही हेच खरे साधन

काटा एकदा वजन सांगतो. वाढ सांगते ती वही. कोकराचा बिल्ला क्रमांक, आईचा क्रमांक, जन्माची तारीख, एकटे की जुळे, जन्माचे वजन व पुढे दर महिन्याचे वजन एवढ्या नोंदी पुरे आहेत. समजा, जन्मतः ३ किलोंचे कोकरू नव्वद दिवसांनी १५ किलोंचे झाले; तर त्याची वाढ दिवसास सुमारे १३३ ग्रॅम झाली. त्याच्याच बरोबरीचे दुसरे १२ किलोंवर थांबले असेल, तर त्याची वाढ दिवसास १०० ग्रॅम पडते. पैदाशीसाठी कोणता नर राखावा, याचा निर्णय मग वादाचा राहत नाही. तथापि जुळ्या कोकरांची तुलना जुळ्यांशीच करावी, कारण त्यांच्या वाट्यास आईचे दूध निम्मे येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ मेंढी विकसित केली आहे. अशा कळपांत तर कोकरांचे वजन वेळोवेळी पाहणे अधिकच अगत्याचे आहे. वाढ खुंटलेले जुळे कोकरू नजरेस येण्यापूर्वी वहीत दिसते आणि वरचे दूध वा खुराक देऊन ते वाचविता येते.

एखाद्या महिन्यात सबंध कळपाचीच वाढ खाली आली, तर ती चाऱ्याच्या टंचाईची किंवा जंतांच्या प्रादुर्भावाची सूचना समजावी. मेंढ्या मरू लागण्यापूर्वी मिळालेली ही सूचना पुष्कळ मोलाची असते.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे रांजणी, महूद, दहिवडी यांसारख्या मेंढीपालनाच्या पट्ट्यातच आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून वीस मेंढ्या व एक नर असा गट अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. कळप मिळणे हा आरंभ झाला. तो कळप किफायतशीर ठरणे हे रोजच्या व्यवस्थापनावर अवलंबून आहे आणि त्या व्यवस्थापनाचा पाया मोजमापात आहे.

अठरा नग पाइप, एक पिंजरा, तीन वासे, एक काटा आणि एक वही, एवढ्या सामग्रीवर हे सारे उभे राहते. आपल्या कोकराचे वजन ज्यास ठाऊक आहे, तो मेंढपाळ व्यापाऱ्यासमोर भाव ऐकण्यासाठी उभा राहत नाही. भाव सांगण्यासाठी उभा राहतो.